आपलं कुणावाचून अडतं? द्राक्षबागेतून पडलेला परराष्ट्र धोरणाचा प्रश्न

बांधावरून (तासगाव)

जून २०२५. खरड छाटणीला पंचेचाळीस दिवस झाले होते. द्राक्षवाल्यांना हे दिवस किती नाजूक ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. काडीवरच्या डोळ्यात पुढचा घड याच दिवसांत ठरतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर दिसतो, पण ठरलेला असतो उन्हाळ्यातच. डोळ्यात घडाऐवजी बाळी (वेलीचा नुसता ताणा) झाली तर नंतर कितीही पैसा ओता, बागेत नुसता पाला दिसतो. या काळात ठिबकमधून शून्य-बावन्न-चौतीस हे पाण्यात विरघळणारं खत सोडायचं असतं. दुकानात गेलो तर मालक म्हणाला, "दादा, चीनकडनं माल सुटंना." त्यानं मागच्या गोदामाचं शटर वर केलं. एरवी पंचवीस किलोच्या बॅगांची थप्पी छातीपर्यंत असते. त्या दिवशी कोपऱ्यात सहा बॅगा होत्या आणि फरशीवर सांडलेली पांढरी भुकटी. सहातल्या दोन मला मिळाल्या, त्याही ओळखीवर.

चीननं जाहीर बंदी घातली नव्हती. भारताकडे निघालेल्या मालाची तिथं तपासणीच होत नव्हती, त्यामुळं कागद पुढं सरकत नव्हते. ऑगस्टमध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीला आले, खतं, दुर्मीळ खनिजं आणि बोगदे खणायची यंत्रं यांवर बोलणं झालं, अडवणूक सैल होईल अशा बातम्या आल्या. माझ्या बागेतला घड तोवर ठरून गेला होता.

तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. टीव्हीवर रोज रात्री वाद चालतो की अमेरिका आपला मित्र का रशिया, चीनशी बोलावं का बोलू नये. मला वाटतं प्रश्नच चुकीच्या टोकाकडून धरलाय. "कुणावाचून कुणाचं अडत नाही" हे आपण दुःखाच्या घरात सांत्वनाला म्हणतो, तिथं ते बरोबर आहे. देशाच्या बाबतीत ते खोटं आहे. देशाचं अडतं. खनिज तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. पोटॅश तर जवळजवळ सगळं बाहेरचं. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, बेलारूसवर निर्बंध आले, त्या वर्षी आमच्याकडं पोटॅशचं पोतं हजाराच्या आसपासचं १७०० वर गेलं. तेजस विमान आपलं, पण इंजिन अमेरिकेचं. ९९ इंजिनांची ऑर्डर २०२१ ला दिली आणि पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. विमानांचे सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट बघत थांबले.

माझे वडील कॅनॉलच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेती करायचे. टेलच्या शेतकऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी गोड बोलायचं, पण बोलण्याच्या भरवशावर पीक ठेवायचं नाही. वडिलांनी पाळी चुकल्याच्या तिसऱ्या वर्षी विहीर पाडली. खडक लागला, कर्ज झालं, आई चिडली, पण विहीर पाडली. लांब पल्ल्याची रणनीती म्हणतात ती मला इतकीच कळते. आपलं कशावाचून अडतं, त्याची चावी कुणाच्या हातात आहे, आणि चावी फिरली तर आपण किती दिवस तग धरू. या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या देशाकडं लिहून ठेवलेली असतात त्याला मित्र निवडता येतात. नाहीतर मित्र त्याला निवडतात.

जाणकारांनी लिहावं. चुकत असेन तर सांगावं.

निवृत्त_सुभेदार (सातारा)

दादा, बरोबर लिहिलंत. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढली. नव्वदच्या दशकात सियाचीन ग्लेशियरवर होतो. १९८४ पासून आपण तिथं वर बसलोय. आमच्या वेळी पायातला बूट परदेशातला, स्लीपिंग बॅग परदेशातली, हातमोजा परदेशातला. वर हातमोजा ओला झाला तर बोटं जातात. माझ्याबरोबरच्या एका जवानाची दोन बोटं गेली. तेव्हा आम्ही एकमेकांना विचारायचो, जो देश माणूस एवढ्या उंचीवर ठेवू शकतो त्याला हातमोजा का करता येऊ नये? आता बरंच सामान इथं व्हायला लागलंय, त्याचं समाधान आहे.

दुसरी गोष्ट. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात गेलेले या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत. स्मारक आहे, जाऊन बघा. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकल्या, घोडे मारून खायची वेळ आली. कशासाठी? इंग्रजांना बसऱ्याकडच्या तेलाची राखण करायची होती. शौर्य आपलं, हेतू दुसऱ्याचा. राष्ट्राचा हेतू आपण स्वतः ठरवला नाही तर आपली माणसं दुसऱ्याच्या हेतूसाठी खर्ची पडतात. हे मी पुस्तकातनं सांगत नाही, आमच्या शिवेवरचं सांगतोय.

मिरजकर_औषधवाला

धागा उत्तम, पण मला अर्धंच पटलं. माझा घाऊक औषधांचा धंदा आहे, तिथलं सांगतो.

सगळं आपणच करायचं हा प्रयोग आपण एकदा केलाय. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारी पिढी अजून हयात आहे. विहीर पाडणं ठीक, पण प्रत्येक शेतकऱ्यानं मीठ, लोखंड, कापूस सगळं घरीच पिकवायचं ठरवलं तर तो बागायतदार राहणार नाही. मला वाटतं प्रश्न उलटा करून विचारा: आपल्यावाचून कुणाचं अडतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. कापड, कोळंबी, दागिने सगळे भरडले गेले. औषधं त्यातून वगळली. प्रेमापोटी नव्हे. तिथले डॉक्टर जी स्वस्त जेनेरिक औषधं लिहून देतात त्यांतला फार मोठा वाटा आपल्याकडून जातो. कर लावला असता तर त्यांच्याच म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या महागल्या असत्या. ज्याचं आपल्यावाचून अडतं तो आपल्यावर हात उगारताना विचार करतो.

आता माझ्याच मुद्द्याची कच्ची बाजू पण मीच सांगतो. गोळी आपली, पण गोळीतला कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनचा. पिंपरीला १९५४ मध्ये सरकारनं अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला होता, पेनिसिलीन आपण स्वतः करत होतो. पुढं चीनचा माल इतका स्वस्त यायला लागला की इथली भांडी थंड पडली, आणि पेनिसिलीन-जी साठी आपण जवळजवळ पूर्ण त्यांच्यावर गेलो. ते परत सुरू करायला २०२० नंतर सरकारी प्रोत्साहन द्यावं लागलं. विहीर होती, आपणच बुजवली, कारण कॅनॉलचं पाणी स्वस्त होतं.

बांधावरून (तासगाव)

मिरजकर साहेब, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. आमच्या गावात खरोखर अशा बुजवलेल्या विहिरी आहेत. उपसा योजनेचं पाणी आलं आणि लोकांनी विहिरीत कचरा टाकायला सुरुवात केली.

सगळं इथंच करा असं माझं म्हणणं नाही. वडिलांनी विहीर पाडली पण कॅनॉलची पाणीपट्टी भरणं सोडलं नाही. विहिरीला पाणी आहे हे पाटकऱ्याला माहीत झालं की पाळी वेळेवर मिळते, हा अनुभव आहे.

रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं बघा. रशियाकडून तंत्रज्ञान मिळणार होतं, १९९२ मध्ये अमेरिकेनं निर्बंध लावले, दुसऱ्या वर्षी रशियानं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, नुसती तयार इंजिनं दिली. आपल्या शास्त्रज्ञांनी वीस वर्षं घालवली. जानेवारी २०१४ मध्ये आपलं इंजिन घेऊन जीएसएलव्ही रॉकेट गेलं. या वीस वर्षांत पाच पंतप्रधान झाले, सरकारं आली-गेली, काम थांबलं नाही. मला याचंच अप्रूप वाटतं. निवडणूक पाच वर्षांची, द्राक्षाची वेल पंधरा वर्षांची. आणि देशाचं काम वीस-पंचवीस वर्षांचं.

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्यात राहून या धाग्यावर गप्प बसणं जमणार नाही. आपल्याकडं धोरणी विचार नव्हताच असं परदेशी अभ्यासक म्हणतात आणि आपले लोक मान डोलावतात. रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानलं होतं, आणि टोपीकरांना, म्हणजे युरोपी व्यापाऱ्यांना, समुद्रकिनारी ठाणं करू देऊ नका असं बजावून ठेवलं होतं. ते व्यापारी म्हणून येतात पण त्यांच्यामागं त्यांचं राज्य उभं असतं, हे त्यांना अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्वच्छ दिसलं होतं. विचार होता. तो पुढच्या पिढीपर्यंत टिकला नाही, हे आपलं दुखणं.

१७४९ मध्ये शाहू महाराज साताऱ्यात गेले आणि कारभाराचं केंद्र पुण्याला सरकलं. त्यानंतर सात वर्षांच्या आत, फेब्रुवारी १७५६ मध्ये, मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्र्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून इंग्रजांची जहाजं. तुळाजी जुमानत नव्हते, त्यांच्याबद्दलचा राग खरा होता, हे मान्य. पण विजयदुर्गाच्या बंदरात जे जळालं ते मराठ्यांचं आरमार होतं. वॉटसन आणि क्लाइव्ह हे इंग्रज सेनानी त्या मोहिमेत होते. पुढच्या वर्षी हेच दोघे बंगालमध्ये होते आणि १७५७ ला प्लासी झाली. घरातल्या भांडणाच्या रागात लांबचा शत्रू कोण याचा विसर पडला. विजयदुर्गाला मी तीनदा गेलोय, आणि तटावरून खालचं पाणी बघताना दरवेळी पोटात तुटतं.

आणि रंगो बापूजी. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा-एक वर्षं तिथं झगडले. कंपनीचे डायरेक्टर, पार्लमेंटचे सभासद, अर्ज, सभा, छापील पत्रकं, त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. तिथल्या काही सभासदांनी बाजूनं भाषणंही केली. इंग्रजांनी साताऱ्याशी केलेला १८१९ चा तह हातात होता, न्याय पूर्ण आपल्या बाजूला होता. ते तिथं असतानाच महाराज वारले, १८४८ ला डलहौसीनं राज्य खालसा केलं, आणि रंगो बापूजी रिकाम्या हातानं परतले. कागद कितीही खरा असला तरी तो वाचायला भाग पाडणारं काहीतरी मागं लागतं. संयुक्त राष्ट्रांत आपण दशकानुदशकं कायमच्या जागेसाठी बोलतोय. ती भाषणं ऐकताना मला लंडनच्या थंडीतला हा सातारचा माणूस आठवतो.

गलाईवाला_विटा

मी मूळचा विट्याजवळचा, गेली तीस वर्षं कोइमतूरला गलाईचा धंदा. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशाच्या प्रत्येक पेठेत सोनं-चांदी गाळायला बसलेली आहेत हे सगळ्यांना माहीत आहे.

१९९१ साली मी सोळा वर्षांचा, चुलत्यांच्या हाताखाली भट्टीवर होतो. संध्याकाळी चुलत्यांनी पेपर वाचून दाखवला: देशाचं सोनं गहाण पडलं. आधी २० टन विकायला काढलं, मग रिझर्व्ह बँकेनं ४७ टनांच्या आसपास विमानातून इंग्लंडला नेलं, चाळीसेक कोटी डॉलर उभे करायला. चुलत्यांनी मूस भट्टीतून काढली आणि बाजूला बसून राहिले. आमच्या दुकानात लेकीच्या लग्नाचं सोनं मोडायला माणूस येतो ना, तो मान वर करत नाही. टंच (सोन्याची शुद्धता) किती निघाला ते सांगितलं तरी बघत नाही, नुसतं "द्या" म्हणतो. त्या दिवशी देश तसा उभा होता असं चुलते म्हणाले.

नंतर २००९ ला रिझर्व्ह बँकेनं नाणेनिधीकडून २०० टन विकत घेतलं. २०२२ ला रशियाचे परदेशातले साधारण ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांनी गोठवले, आणि २०२४ मध्ये आपण इंग्लंडच्या तिजोरीतलं १०० टनांच्या आसपास सोनं घरी आणलं. याचा एकमेकांशी संबंध सरकारनं जोडून सांगितला नाही, पण धंद्यातल्या माणसाला कळतं. दुसऱ्याच्या कपाटातलं आपलं डबोलं त्याचं मन फिरेपर्यंतच आपलं असतं. दादांच्या यादीत हे पण लिहा: आपला पैसा कुणाच्या कपाटात आहे.

कृष्णाकाठची (कराड)

सगळे प्रतिसाद वाचले. मी शाळेत इतिहास शिकवते. प्रीतिसंगमावर मुलांना दरवर्षी घेऊन जाते, तिथं यशवंतरावांच्या समाधीपाशी बसून १९६२ चा धडा घेते.

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, एवढंच आपण लक्षात ठेवलंय. मला त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. नोव्हेंबर १९६२ मध्ये हरलेल्या सैन्याची जबाबदारी त्यांच्याकडं आली. १९६४ पर्यंत त्यांनी पाच वर्षांची संरक्षण योजना मांडली: सव्वाआठ लाखांचं सैन्य, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. मग ती यादी हातात घेऊन ते अमेरिकेला गेले आणि रशियालाही. अमेरिकेनं हवं ते लढाऊ विमान दिलं नाही, रशियाकडून मिग आलं. त्यांनी आधी मित्र ठरवून मग गरज शोधली नाही. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले तेव्हा हवाई दलाला परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. त्याच संध्याकाळी विमानं उडाली. तीन वर्षांची तयारी होती म्हणून ती मिनिटं पुरली.

इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे, दादा. पण "आपलं अडू नये" हा देशाचा हेतू होऊ शकत नाही. ती झाली सुरक्षितता. हेतू म्हणजे सुरक्षित झाल्यावर आपण काय करणार.

तुम्ही टेलच्या शेतकऱ्याचं सांगितलंत. आता आपण पाटकरी असतो तेव्हाचं बघा. जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात बनलेल्या लशी आपण भूतान, मालदीवपासून कितीतरी देशांना पाठवल्या. एप्रिलमध्ये आपल्याकडं दुसरी लाट आली आणि निर्यात थांबवली. आपली माणसं रस्त्यावर ऑक्सिजनसाठी धावत होती, माझा सख्खा मामा त्यात गेला. मी त्या निर्णयाला चूक म्हणू शकत नाही. पण आफ्रिकेतल्या देशांत पहिला डोस घेतलेली माणसं दुसऱ्यासाठी थांबली, तिथल्या कुठल्यातरी दवाखान्यातही कुणीतरी रिकामं कपाट उघडून दाखवलं असणार. जुलै २०२३ मध्ये साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारातला ४० टक्क्यांच्या आसपास वाटा आपला. त्यांचं आपल्यावाचून अडलं. मिरजकर म्हणतात ती ताकद हीच. ती हातात आल्यावर आपण कसे वागतो, त्यावर जग आपल्याला ओळखणार. चीननं तुमच्या बॅगा अडवल्या त्याचा तुम्हाला राग आला, तो राग खरा आहे. म्हणून विचारते: आपण चावी फिरवू तेव्हा समोरच्याला आधी सांगणार की त्याला शटर वर झाल्यावर कळणार?

निवृत्त_सुभेदार (सातारा)

ताई, कठीण विचारलंत. घरचं लेकरू आजारी असताना शेजाऱ्याला औषध देता येत नाही. पण सांगून थांबवणं आणि न सांगता थांबवणं यात फरक आहे, हे पटलं. पलटणीत रसद कमी पडली तर आम्ही शेजारच्या पोस्टला वायरलेसवर आधी कळवायचो.

अभ्यासिका_सांगली

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दादांनी विचारलेली यादी काही अंशी अस्तित्वात आहे, म्हणून लिहितेय. २०२३ मध्ये केंद्रानं ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी जाहीर केली. लिथियम, कोबाल्ट, दुर्मीळ मूलद्रव्यं आहेतच, पण त्यात फॉस्फरस आणि पोटॅशही आहे, म्हणजे तुमचं स्फुरद आणि पालाश. २०२४ मध्ये अर्जेंटिनात लिथियमचे पाच ब्लॉक आपल्या सरकारी कंपनीनं घेतले. जानेवारी २०२५ मध्ये खनिजांसाठी वेगळं मिशन मंजूर झालं, १६,३०० कोटींचं.

किती दिवस तग धरू या प्रश्नाचंही उत्तर आहे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली खडकात तेलाचा साठा केलाय, ५३ लाख टनांहून थोडी जास्त क्षमता. तो पूर्ण भरला तर साडेनऊ दिवस पुरतो. तेल कंपन्यांचा साठा वेगळा.

बांधावरून (तासगाव)

साडेनऊ दिवस. माझ्या शेततळ्यात सुद्धा दीड महिन्याचं पाणी असतं.

कृष्णाकाठच्या ताईंचा प्रश्न चार दिवस डोक्यात आहे. आमच्या ओढ्यावर शेजपाळी आहे, वरच्यानं पाणी उचलायच्या आदल्या दिवशी खालच्याला सांगायचं. कुणी लिहून दिलेलं नाही, पण मोडलं तर बोलणं बंद होतं. देशादेशांत असं काही बसवता येईल का मला माहीत नाही. आपल्यापुरतं आपण पाळू शकतो, हे मात्र कबूल.

ती ३० खनिजांची यादी मी फोनवर उघडून दुकानदाराला दाखवली. त्यानं बोटानं खाली सरकवत पोटॅश शोधलं आणि विचारलं, "मग दादा, खाण कुठाय?"

अभ्यासिका_सांगली

काका, स्फुरदाचा खडक राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला निघतो, पण तो गरजेला पुरत नाही. पालाशाचे साठे नागौर-गंगानगर पट्ट्यात सापडलेत, खोल आहेत.

एक मात्र जवळचं आहे. मळीपासून दारू काढल्यावर जो स्पेंट वॉश राहतो तो जाळला की राखेत पालाश मिळतं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून ते होतं. सरकारनं त्याला खत म्हणून मान्यता आणि अनुदान दिलंय. पालाशाचं प्रमाण साडेचौदा टक्के, बाहेरून येणाऱ्या पोटॅशमध्ये ते साठ असतं.

बांधावरून (तासगाव)

म्हणजे चौपट टाकावं लागेल, आणि ठिबकमधून जाणार नाही, शेणखतात मिसळून बोदावर द्यावं लागेल. खर्च मजुरीचा आहे. तरी उसाच्या पट्ट्यात राहून मला हे माहीत नव्हतं याची खंत वाटली. सोमवारी कारखान्यावर जातोय, राख कुठं जाते आणि किलोला काय पडते ते विचारून इथं लिहितो. येत्या छाटणीला चार ओळींत वापरून बघेन, शेजारच्या चार ओळी नेहमीसारख्या ठेवेन. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासले की दोन्हींतला फरक कळेल.